घराबरोबर काय विकले जाते? तंजावरमधील न्हाणीघर, पाणी आणि घराची किंमत



न्हाणीघरातला टब काढून तिथे शॉवर बसवला, तर घर विकताना किंमत कमी येईल का? हा प्रश्न इतिहासाच्या पाठात कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण घराच्या किमतीत नेमके काय मोजले जाते, हा प्रश्न जुना आहे आणि काळानुसार त्याचे उत्तर बदलत गेले आहे. या पाठात आपण तंजावर या एकाच गावाच्या आधारे ते बदल पाहू. शेवटी टबाच्या प्रश्नाकडे परत येऊ.

१. स्नान घराबाहेर, किंमत पाण्याजवळ

तंजावर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसले यांनी येथे मराठी सत्ता स्थापन केली आणि ती 1855 पर्यंत टिकली. त्यांच्याबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही येथे राहतात.

या भागातली जुनी घरे रुंदीला कमी आणि खोलीला जास्त असत. पुढे ओटा, मध्ये चौक, मागे परसू आणि परसात विहीर. कोकणातल्या किंवा देशावरच्या वाड्यात न्हाणी, मोरी, बंब आणि घंगाळ असे. येथे मात्र स्नान मुख्यतः परसातल्या विहिरीवर, तळ्यावर किंवा कालव्यावर होई. दिवाळीच्या पहाटे तेल लावून स्नान करण्याची रीत मराठी आणि तमिळ दोन्ही घरांत होती. त्यासाठी ऊन पाणी, तांब्या आणि पाणी वाहून जाणारी जागा एवढे पुरे होई.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. कावेरीचे पाणी वर्षभर सारखे नसते. 1934 मध्ये मेट्टूर धरण पूर्ण झाल्यावर ते 12 जूनला उघडायचे आणि 28 जानेवारीला बंद करायचे, असा प्रघात पडला. म्हणजे उन्हाळ्यात कालवा कोरडा. कालव्याकाठच्या घरालाही चांगली विहीर लागतेच, कारण खरी परीक्षा त्या चार-साडेचार महिन्यांत होते.

गावाची स्वतःची पाणीव्यवस्थाही होती. सोळाव्या शतकात सेवप्प नायकाच्या काळात त्याच्या नावाने ओळखला जाणारा तलाव झाला. त्यात गाळ बसून निवळलेले पाणी शिवगंगा तळ्यात येई आणि तेथून मातीच्या नळांतून राजवाड्याकडे व विहिरींकडे जाई. अशा व्यवस्थेत विहिरीचे मोल केवळ खणण्याच्या खर्चावर ठरत नाही. नळ तुंबला की घराच्या भिंती तशाच राहतात, पण घराचे मोल उतरते. पुढच्या चर्चेसाठी हे सूत्र महत्त्वाचे आहे: घरातल्या सोयीची किंमत घराबाहेरच्या व्यवस्थेवर अवलंबून असते.

२. जुन्या दस्तांत काय लिहीत?

दक्षिणेतल्या दानपत्रांत आणि विक्रीपत्रांत ‘अष्टभोग’ असा शब्द येतो. निधी, निक्षेप, जल, पाषाण, अक्षिणी, आगामी, सिद्ध आणि साध्य हे ते आठ हक्क. मराठी इनामपत्रांतही ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ अशी मालिका आढळते. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत जल आहे. भांडी, घंगाळ, पाट यांचा उल्लेख नाही.

यावरून काय समजते? देणारा भोगण्याचा हक्क देत होता. पाणी जागेला चिकटलेले होते, तर भांडे माणसाबरोबर जाणारे होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दस्त वाचताना काय लिहिले आहे याबरोबरच काय लिहिण्याची गरज वाटली नाही, हेही पाहावे.

३. इंग्रजी अमदानी: टब आला, पण घराचा भाग झाला नाही

1799 च्या तहाने दुसऱ्या सरफोजींच्या हाती तंजावरचा किल्ला आणि आसपासचा थोडा भाग उरला. बाकी कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. कंपनीच्या अंमलात युरोपीय अधिकाऱ्यांचे बंगले जिल्ह्याच्या गावांतून उभे राहिले. बंगल्यातल्या न्हाणीघरात चुन्याची जमीन, कडेला उंचवटा आणि पाणी बाहेर जाण्यासाठी भिंतीत भोक असे. पाणी माणूस आणून ओतत असे. टब पत्र्याचा किंवा लाकडाचा आणि हलवता येणारा असे. साहेबाची बदली झाली की सामानाचा लिलाव होई, त्यात टबही जाई. त्या टबाला स्वतःची फेरविक्रीची किंमत होती. बंगल्याच्या किमतीशी तिचा संबंध नव्हता.

1882 मध्ये दोन कायदे आले. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 8 नुसार घर हस्तांतरित झाले की कुलपे, किल्ल्या, दारे, खिडक्या आणि घराबरोबर कायमच्या वापरासाठी असलेल्या इतर वस्तूही नव्या मालकाकडे जातात. दस्तात वेगळे ठरले असेल तर गोष्ट निराळी. दुसरा कायदा सुविधाधिकारांचा. शेजाऱ्याच्या जमिनीतल्या झऱ्यावरून घरखर्चाचे पाणी नेण्याचा घरमालकाचा हक्क, हे त्या कायद्यातच दिलेले एक उदाहरण आहे. मद्रास इलाख्यात, म्हणजे तंजावरात, हे कायदे सुरुवातीपासून लागू झाले. मुंबई इलाख्यात ते सुमारे दशकभराने, अनुक्रमे 1893 आणि 1891 मध्ये, लागू झाले.

‘अष्टभोगा’तले जल आता सुविधाधिकार झाले होते. त्याबरोबर एक नवा प्रश्न उभा राहिला: कोणती वस्तू ‘कायमच्या वापराची’? पत्र्याचा टब नक्कीच नव्हे. नळाला जोडून जमिनीत पक्का बसवलेला टब मात्र साधारणपणे तशी वस्तू ठरेल. म्हणजे विक्रीचा करार झाल्यावर आणि ताबा देण्यापूर्वी विक्रेत्याने असा टब परस्पर उपसून नेणे योग्य नाही. त्या काळात मालमत्तेची शहाण्या मालकासारखी काळजी घेणे हे कलम 55 नुसार त्याचे कर्तव्य आहे.

४. आजचा टब, आजचा शॉवर

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. भारतात सांडपाण्याची नळव्यवस्था असलेल्या शहरांसाठी माणशी दिवसाला 135 लिटर पाणी हे सरकारी नियोजनाचे प्रमाण आहे. सामान्य टब भरायला 150 लिटर किंवा अधिक पाणी लागते. एका माणसाचे एक स्नान त्याच्या दिवसभराच्या वाट्याहून मोठे होते. 20 लिटरच्या बादलीत स्नान होते. पाच मिनिटांच्या शॉवरला साधारण 40 ते 50 लिटर लागतात. 2003 मध्ये तमिळनाडूने नव्या-जुन्या सर्व इमारतींना पावसाचे पाणी साठवणे किंवा जिरवणे सक्तीचे केले. पाण्याची ओढ अशी असलेल्या राज्यात टब दाखवून भाव वाढवून मागणे कठीण आहे.

दुसरा मुद्दा माणसांचा. टबाची कड ओलांडून आत जाणे म्हाताऱ्या माणसाला धोक्याचे असते. सपाट जमीन, उतार, धरायला दांडी आणि बसायला चौरंग असेल, तर आजीला कोणाच्या आधाराशिवाय स्नान करता येते. उलट, लहान मुलांना टबात आंघोळ घालण्याची सवय असलेल्या देशांत घरात निदान एक टब असावा अशी ग्राहकांची अपेक्षा असते. तेथे एकुलता एक टब काढला, तर काही ग्राहक दुरावू शकतात. वस्तू एकच, पण घेणारे कुटुंब बदलले की तिचे मोल बदलते.

तिसरा मुद्दा सहज दिसत नाही. टब काढताना जलरोधक थर फुटला किंवा उतार चुकला, तर खालच्या छताला ओल येते. किमतीला खरा फटका तिथे बसतो. ग्राहकाला नेहमीच्या सावधपणाने दिसणार नाही, पण विक्रेत्याला ठाऊक आहे, असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. हेही कलम 55 मध्येच आहे.

सारांश

तंजावरात आधी जल मोजले गेले, मग कायमच्या वापराच्या वस्तू मोजल्या गेल्या. आज दोन्ही मोजल्या जातात, पण पहिला प्रश्न अजून पाण्याचाच असतो. म्हणून तंजावरसारख्या गावात नीट काम करून टबाच्या जागी शॉवर बसवला, तर एवढ्यावरून घराची किंमत उतरण्याचे कारण दिसत नाही. विहीर आटली, नळजोडणी नसली किंवा भिंतीला ओल आली, तर मात्र ती उतरेल.

स्वाध्याय

1. तुमच्या घराचे किंवा गावातले एखादे जुने खरेदीखत मिळवा. त्यात पाण्याचा उल्लेख कोणत्या शब्दांत आहे?
2. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: त्यांच्या लहानपणी स्नान कुठे होई, पाणी कोण आणी आणि ते काम बंद कधी झाले?
3. तुमच्या न्हाणीघरातल्या कोणत्या वस्तू घराबरोबर जातील आणि कोणत्या तुम्ही बरोबर न्याल? यादी करून कारणे लिहा.