तेल्याचा कुळवृत्तांत

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या बाजूला निघालं की मोसंबीच्या बागा लागतात, अधूनमधून डाळिंबाच्याही. डाळिंबवाल्याच्या तोंडी ‘तेल्या’, कागदी लिंबू लावणाऱ्याच्या तोंडी ‘खैऱ्या’. दोन्ही नावं डोळ्यांना दिसलं त्यावरून पडलेली. डाळिंबाच्या पानावर तेलाचा थेंब मुरावा तसा डाग पडतो, मग काळा होतो; फळाची साल तडकते. लिंबावर खैरकाताच्या रंगाचे खरखरीत फोड येतात. ही दोन दुखणी एका घरातली असतील, असं कुणाला वाटावं?

तेल्याची पहिली नोंद १९५२ ची, दिल्लीतली. १९५९ मध्ये हिंगोराणी आणि सिंग या अभ्यासकांनी त्याच्या जंतूला झँथोमोनास प्युनिसी हे नाव दिलं. ग्रीक ‘झँथोस’ म्हणजे पिवळा, आणि काचेच्या बशीत वाढवला की हा जंतू खरोखर पिवळा, मधासारखा चिकट दिसतो. पुढे त्याचं घराणं बदलत गेलं. जनुकं वाचता आली तेव्हा तो ‘सिट्री’ कुळात गेला, म्हणजे थेट खैऱ्याच्या जंतूचा भाऊबंद ठरला. २०१२ मध्ये चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतून त्याच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला.

खैऱ्या या भूमीत जुना आहे. १८२७ ते १८३१ दरम्यान भारतात गोळा केलेल्या महाळुंगाच्या वाळल्या पानांवर त्याचे फोड सापडले. ती पानं इंग्लंडमधल्या क्यू इथल्या वनस्पतिसंग्रहात जपलेली होती. खैऱ्याच्या जंतूकडचं पीटीएचए हे जनुक झाडाच्या पेशींना फुगायला लावतं, म्हणून फोड उठतो. खैऱ्यातही पोटभेद आहेत: ‘ए’ गट बहुतेक लिंबूवर्गावर पसरतो, ‘ए-तारा’ मुख्यतः कागदी लिंबावरच राहतो. दिसायला एकच रोग, आतली जनुकं वेगळी. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

आता पुन्हा तेल्याकडे. डाळिंबाची लागवड गुटी कलमानं होते. रोगट मातृझाडाची गुटी नव्या बागेत लावली की जंतूही तिच्यासोबत जातो आणि मृगाच्या पावसात हातपाय पसरतो. गुटीवर डाग नसला तरी जंतू आत असू शकतो. डोळा तिथं हरतो. जनुकावरून जंतू ओळखणारी पीसीआर चाचणी मात्र डाग उमटण्याआधीच त्याला पकडते.