लास वेगास : घराभोवतीची हिरवळ आणि वाळवंटी बागेचे नियम

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, मोहावी वाळवंटात वसलेल्या लास वेगास शहरात वर्षाकाठी सरासरी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो. अंगणात काय लावावे, हा तेथील घरमालकांच्या केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहिलेला नाही.

शहराचे सुमारे ९० टक्के पाणी कोलोरॅडो नदीवरील मीड जलाशयातून येते. १९२८ च्या संघीय कायद्यान्वये या नदीतील वार्षिक तीन लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे १३ टीएमसी पाणी नेवाडाच्या वाट्याला आले. शेजारच्या कॅलिफोर्नियाचा वाटा याच्या जवळजवळ पंधरापट आहे. घरातील सांडपाणी शुद्ध करून जलाशयात परत सोडले जाते आणि तेवढे पाणी पुन्हा उचलण्याची मुभा शहराला मिळते. बागेला घातलेले पाणी मात्र परत येत नाही. नियमांचा सारा रोख घराबाहेरील वापरावर आहे, तो या हिशेबामुळेच.

२००२ च्या तीव्र दुष्काळानंतर, २००३ मध्ये स्थानिक संस्थांनी नवीन घरांच्या पुढील अंगणात गवत लावण्यास मनाई केली आणि परसदारातील हिरवळीवर मर्यादा घातली. पुढे नव्या बांधकामांसाठी परसदारातील ही सवलतही काढून घेण्यात आली. जुन्या घरांतील हिरवळ उपटण्याची सक्ती मात्र घरमालकांवर करण्यात आलेली नाही. नेवाडा विधिमंडळाने २०२१ मध्ये संमत केलेल्या कायद्याने केवळ शोभेच्या गवतास कोलोरॅडोचे पाणी देण्यास १ जानेवारी २०२७ पासून बंदी घातली. ती कार्यालये, रस्त्यांचे दुभाजक आणि वसाहतींच्या सामाईक जागांसाठी आहे; स्वतंत्र घरांची खासगी अंगणे तीतून वगळण्यात आली आहेत.

जुन्या घरांबाबत सक्तीऐवजी मोबदल्याचा मार्ग स्वीकारण्यात आला आहे. गवत काढून वाळवंटी बाग करणाऱ्यास दक्षिण नेवाडा जल प्राधिकरण प्रत्येक चौरस फुटामागे रक्कम देते. प्राधिकरणाच्या अभ्यासानुसार हिरवळीच्या एका चौरस फुटास वर्षाला सुमारे २७५ लिटर पाणी लागते आणि वाळवंटी बाग केल्यास त्यातील २०० लिटरहून अधिक पाणी वाचते. अर्थात अटी आहेत. प्राधिकरणाच्या पाहणीपूर्वी गवत काढल्यास मोबदला मिळत नाही. पाणी ठिबक पद्धतीने द्यावे लागते आणि त्या जागेवर पुन्हा हिरवळ लावणार नाही, असे बंधन घरमालकाला लिहून द्यावे लागते. घर विकले तरी हे बंधन नव्या मालकावर चालू राहते. ही अट सही करण्यापूर्वी वाचण्याजोगी आहे.

वाळवंटी बाग म्हणजे खडी पसरून मोकळे होणे, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. झाडे पूर्ण वाढल्यावर बदललेल्या जागेपैकी किमान निम्मा भाग त्यांच्या पसाऱ्याखाली आला पाहिजे, असा नियम आहे. उघडी खडी उन्हाळ्यात तापते आणि घरही तापवते. शिवाय गवताच्या पाण्यावर वाढलेली जुनी झाडे गवत काढल्यावर वाळल्याच्या तक्रारी आहेत. त्यांना स्वतंत्र ठिबक नळी देणे आवश्यक ठरते. लावायची झाडे स्थानिकच हवीत, असे बंधन नाही. कमी पाण्यावर जगणारी बाहेरची झाडेही चालतात. स्थानिक झाडांत मेस्किट विशेष लोकप्रिय आहे. महाराष्ट्रात माळराने व्यापणारी वेडी बाभूळ ही याच झाडाची नातलग. येथे ती उपद्रवी, तेथे मात्र सावलीसाठी मोलाची.

अनेक वसाहतींत घरमालक संघांचे स्वतःचे नियम असतात आणि पूर्वी काहींचा हिरवळीसाठीच आग्रह असे. राज्याच्या कायद्यानुसार संघाला आता सभासदाच्या खासगी जागेतील कमी पाण्याच्या बागेस मनाई करता येत नाही. आराखडा मात्र संघाकडे मंजुरीसाठी द्यावा लागतो.

शेजारील राज्यांत स्थानिक वनस्पतींच्या रक्षणाचे नियम अधिक कडक आहेत. ॲरिझोनात साग्वारो हा उंच निवडुंग स्वतःच्या जमिनीवरून दुसरीकडे न्यायचा असला, तरी राज्याच्या कृषी विभागाचा परवाना आणि खूणचिठ्ठी लागते. कॅलिफोर्नियात २०२३ च्या कायद्याने पश्चिमी जोशुआ वृक्षास संरक्षण मिळाले असून, तो आपल्या अंगणात असला तरी परवान्याशिवाय तोडता येत नाही. वाळलेली फांदी छाटण्यासही तोच नियम लागू आहे.