पावावरची बुरशी आणि डोळा

पावसाळ्यात ठाणे-कल्याणकडच्या घरांतून बुरशी ही नेहमीचीच. पाव दोन दिवस राहिला की त्यावर करडी लव येते. आपण तो टाकून देतो आणि विसरतो. पण याच जातकुळीच्या बुरशीने माणसांचे डोळे नेले, ती हकीकत विसरण्याजोगी नाही.

रोग तसा नवा नव्हे. पाल्टाउफ या डॉक्टराने १८८५ साली त्याचे वर्णन केले. पुढे म्युकरमायकोसिस हे नाव रूढ झाले. बुरशीचे बीजाणू हवेतून तुमच्याआमच्या सर्वांच्या नाकात जातात. निरोगी शरीर त्यांचा तिथेच निकाल लावते. पण रक्तातली साखर बेसुमार वाढली, प्रतिकारशक्ती खचली, की बुरशी नाकाशेजारच्या पोकळ्यांत रुजते, पातळ हाड ओलांडून डोळ्याच्या खोबणीत शिरते आणि तिथून मेंदूकडे वळते.

२०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत हे सारे एकदम जुळून आले. मधुमेह आपल्याकडे पुष्कळ; त्यात करोनाने साखर वाढे आणि प्राण वाचवण्यासाठी दिलेल्या स्टिरॉइडनेही वाढे. त्या मे महिन्यात कल्याण-डोंबिवलीत दोघे या रोगाने दगावल्याचे महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितले. एक डोंबिवलीचा, दुसरा कल्याणजवळच्या म्हारळचा. जूनच्या आरंभी देशात २८,२५२ रुग्णांची नोंद झाली होती, पैकी ६,३३९ महाराष्ट्रातले. देशातल्या या रुग्णांपैकी शेकडा बासष्टांना मधुमेह होता.

मुंबईतल्या प्लेगच्या वेळी झालेला १८९७ चा साथरोग कायदा तेव्हा पुन्हा कामी आला. या रोगाची नोंद सक्तीची करा, असे केंद्राने राज्यांना कळवले. आता तुम्ही म्हणाल, हा रोग तर एकाचा दुसऱ्याला लागत नाही, मग कायदा कशाला? अहो, रुग्ण मोजल्याशिवाय औषध कुठे किती धाडायचे ते कळणार कसे? अँफोटेरिसिन बी या औषधाचा त्या दिवसांत फार तुटवडा होता.

लोकांनी रोगाला नाव दिले ‘काळी बुरशी’. हे नाव फसवे. काळेपणा बुरशीचा नव्हे. रक्तवाहिन्या बुजून मेलेले मांस काळे पडते. म्हणजे काळे दिसेतो बराच उशीर झालेला असतो, आणि मग जीव राखण्यासाठी डोळा काढण्याची पाळी येते.

साथ ओसरली. बुरशी मात्र आहे, मधुमेहही आहे. तेव्हा घरातल्या मधुमेही माणसाचा एकाच बाजूचा गाल सुजला, डोळा दुखू लागला, एकाचे दोन दिसू लागले, तर ‘सर्दी असेल’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, साखर तपासून घ्या.