वृत्तपत्रविद्येचे तीन दरवाजे



“बातमी लिहायला कॉलेज कशाला हवे?” हा प्रश्न आपल्या घरांतून आजही ऐकू येतो. मुलगा किंवा मुलगी वृत्तपत्रविद्या अथवा संज्ञापन हा विषय घेऊ म्हणाली की वडीलधारी मंडळी प्रथम हेच विचारतात. प्रश्न वावगा नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील नामांकित संपादकही हेच विचारीत होते. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधताच या विषयाच्या प्रवेशाचे, मार्गदर्शनाचे आणि पदवीचे नियम घडत गेले. म्हणून तो इतिहास आपण समजून घेतला पाहिजे.

पूर्वी पत्रकार छापखान्यात तयार होत असे. खिळे जुळवता जुळवता तो लिहू लागे. वॉल्टर विल्यम्स हे असेच उमेदवारी करून पुढे आलेले गृहस्थ. त्यांच्यापाशी कॉलेजची पदवी नव्हती. परंतु 1908 साली मिसुरी विद्यापीठात वृत्तपत्रविद्येचे स्वतंत्र विद्यालय निघाले, तेव्हा त्याचे पहिले अधिष्ठाता तेच झाले. 14 सप्टेंबर 1908 रोजी वर्ग सुरू झाले आणि त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी आपल्या वृत्तपत्राचा पहिला अंक काढला. स्वतःला जे मिळाले नाही ते पुढच्या पिढीस मिळावे, ही दृष्टी यामागे होती असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरे नाव जोसेफ पुलित्झर यांचे. हंगेरीतून आलेला हा तरुण अमेरिकेत उतरला तेव्हा त्याला इंग्रजी धड येत नव्हते. पुढे तो बड्या वृत्तपत्रांचा मालक झाला. 1903 साली त्यांनी कोलंबिया विद्यापीठास या विद्येच्या विद्यालयासाठी 20 लाख डॉलर देण्याचा करार केला. हार्वर्डचे अध्यक्ष एलियट यांनी सुचविलेल्या आराखड्यात वृत्तपत्राच्या व्यवहाराला व जाहिरातीलाही स्थान होते. पुलित्झर यांना ते रुचले नाही. पत्रकाराला इतिहास, कायदा, अर्थशास्त्र व भाषा आल्या पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. ते 1911 साली वारले आणि विद्यालय 1912 साली उघडले.

येथे एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. त्याच 1912 साली मौलाना अबुल कलाम आझाद यांनी कलकत्त्याहून ‘अल-हिलाल’ सुरू केले. मौलानांपाशीही विद्यापीठाची पदवी नव्हती. मग पदवी निरुपयोगी ठरते काय? तसे नव्हे. मौलानांचे वाचन अफाट होते आणि घरातच इल्मचे वातावरण होते. ज्या मुलाच्या घरी ते नाही, त्याला ते मिळवून देणे हेच विद्यापीठाचे काम होय.

हाच विचार पुढे नियम बनला. 1945 साली अमेरिकेत वृत्तपत्रविद्येच्या अभ्यासक्रमांची पारख करणारी परिषद स्थापन झाली. पदवीच्या अभ्यासाचा सुमारे एक-चतुर्थांश भाग या विद्येचा आणि तीन-चतुर्थांश इतर विषयांचा असावा, हे सूत्र तेथे दीर्घकाळ रूढ राहिले. कोलंबियाने तर 1935 पासून फक्त पदवीधरांनाच प्रवेश देण्यास सुरुवात केली.

संज्ञापन या विषयाचा दुसरा झरा वक्तृत्वाचा. 1914 साली वक्तृत्व शिकविणारे 17 अध्यापक इंग्रजीच्या शिक्षकसंघटनेतून बाहेर पडले व त्यांनी आपली वेगळी संघटना केली. पुढे विल्बर श्रॅम यांनी प्रथम आयोवात व 1947 पासून इलिनॉयमध्ये जनसंज्ञापनाच्या संशोधनाचा पाया घातला. तेव्हापासून वृत्तपत्र, रेडिओ, दूरचित्रवाणी व भाषण यांचा विचार एकत्र होऊ लागला.

आता मार्गदर्शनाविषयी. एलियट यांच्या काळात हार्वर्डमध्ये विषय निवडण्याची मुभा फार वाढली. मुभा वाढली तसा गोंधळही वाढला. तेव्हा 1909 साली अध्यक्ष झालेल्या लॉवेल यांनी एका विषयात खोली व बाकीच्यांत विस्तार असा दंडक घातला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने तर 1877 च्या सुमारासच प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक सल्लागार प्राध्यापक नेमण्याची पद्धत सुरू केली होती. निवड आली की सल्लागार हवाच, हा त्यातला धडा.

आज अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत याचे तीन दरवाजे दिसतात. पहिल्या वर्षी सर्वसाधारण विषय घेऊन ठरावीक गुण मिळविले की मुख्य विषयात प्रवेश मिळतो. मग प्रत्येक सत्रात सल्लागाराशी बसून विषय ठरवायचे असतात. शेवटी सुमारे 120 श्रेयांक पुरे झाले की पदवी मिळते. कित्येक ठिकाणी प्रत्यक्ष कामाचा अनुभवही लागतो.

आपल्याकडेही या विद्येचा प्रारंभ लहान नाही. 1938 साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठात सर शाह मुहम्मद सुलेमान यांच्या पुढाकाराने पत्रकारितेचा अभ्यासक्रम सुरू झाला. भारतीय विद्यापीठांतील असा तो पहिला प्रयत्न मानला जातो. दुर्दैवाने तो दोनेक वर्षेच चालला. पुढे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात व पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये हे शिक्षण मिळू लागले. 1982 साली अन्वर जमाल किडवई यांनी दिल्लीच्या जामिया मिल्लियात जनसंज्ञापन केंद्र उभारले. तेथील एम.ए. साठी कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेशपरीक्षेला बसू शकतो, ही गोष्ट आपल्या कित्येक मुलांना ठाऊकच नसते.

खरी अडचण येथेच आहे. आपली मुले बुद्धीत कमी नाहीत. कमी आहे ती वेळेवर सांगणाऱ्याची. ज्या घरातून प्रथमच कोणी कॉलेजात जात आहे, तेथे सल्लागार कोठून यावा? फॉर्मची तारीख टळून गेल्यावर चौकशी होते आणि एक वर्ष वाया जाते. हा दुसरा दरवाजा आपण शिक्षकांनी व सुशिक्षित पालकांनी उघडा ठेवला पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, दहावीपासूनच माहितीपुस्तके मागवा. पात्रता, प्रवेशपरीक्षा व मुदत वहीत लिहून ठेवा. मराठी, उर्दू व इंग्रजी या तिन्ही भाषांत रोज थोडे लिहा. इतिहास व नागरिकशास्त्र हे केवळ गुणांसाठी वाचू नका; उद्या बातमीमागची बातमी तेच सांगणार आहेत. आणि पालकहो, “कॉलेज कशाला?” असे विचारण्यापूर्वी “कोणते कॉलेज, आणि त्यासाठी आजपासून काय तयारी?” असे विचारा. मूल त्या प्रश्नाची वाट पाहत असते.