मोहल्ला कमिटी ते पोलीस पंचायत

मोहल्ला कमिटी हा शब्द मुंबईच्या उपनगरांत 1994 नंतर रुळला; त्याचा उगम भिवंडीतला. 1970 आणि 1984 च्या दंगलींत होरपळलेल्या या यंत्रमागांच्या शहरात 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली हिंदू-मुस्लिम रहिवाशांच्या समित्या स्थापन केल्या. शांतता समित्या आधीही होत्या. पण त्यांत पुढारी आणि प्रतिष्ठित मंडळी बसत, आणि बैठक भरे ती वातावरण तापल्यावर. खोपडे यांनी साध्या रहिवाशांना बोलावले, तेही सगळे शांत असताना. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली, भिवंडी पेटली नाही.

मुंबईत डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 या दोन महिन्यांच्या दंगलींत 900 माणसे मेली. उपनगरांत जोगेश्वरीने फार सोसले. जानेवारीत तिथल्या राधाबाई चाळीत माणसे जिवंत जाळली गेली. त्यानंतर पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांनी भिवंडीचा धडा मुंबईत गिरवला. मोहल्ला कमिट्यांचे काम दिसायला किरकोळ होते: अफवा उठली की दोन्हीकडच्या ओळखीच्या माणसांनी ती जागच्या जागी खोडायची, सणाआधी पोलिसांसोबत बसायचे, मुलांचे मिश्र संघ करून क्रिकेटचे सामने भरवायचे. या किरकोळ कामांतूनच पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची भीती कमी झाली.

विश्वास तुटायला मात्र एक सकाळ पुरते. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. 10 जणांचा जीव गेला.

झोपडपट्टीसाठी वेगळी वाट निघाली ती पुण्यात. आयुक्त अ. ना. रॉय आणि झोपडपट्टीवासीयांचे नेते जॉकिन अर्पुथम यांनी तिथे पोलीस पंचायत सुरू केली. रॉय 2004 मध्ये मुंबईचे आयुक्त झाले आणि ती इकडे आली. पंचायतीत वस्तीतल्या 7 बाया आणि 3 पुरुष, सोबत त्या भागाचा पोलीस. बायांची संख्या मुद्दाम जास्त, कारण वस्तीतल्या मारहाणीची झळ पहिल्यांदा त्यांनाच बसते. पहाटे नळाला पाणी आले की हंड्यांच्या रांगेत नंबरावरून बाचाबाची होते, आणि संध्याकाळी दारू पोटात गेल्यावर तीच डोकी फोडते. असे भांडण ठाण्यात नेले तर बहुधा एन.सी. (अदखलपात्र गुन्हा) नोंदवून परत पाठवतात, आणि नेणाऱ्या बाईचा रोज बुडतो. पंचायत ते गल्लीतच, दोघांना समोर बसवून मिटवी. गंभीर गुन्हा ठाण्याकडे जाई.

या साऱ्या प्रयोगांची उणीव एकच: ते अधिकाऱ्याच्या तळमळीवर उभे राहिले आणि अधिकाऱ्याची बदली ठरलेलीच असते. जुलै 2006 मध्ये त्याच भिवंडीत एका पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन रहिवासी मेले आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार केले.