वरचे दूध : एका वाक्प्रचाराच्या निमित्ताने

‘मी काही बोळ्याने दूध पीत नाही’ असे जो म्हणतो त्याला आपण अजाण नाही, एवढेच सुचवायचे असते. पदवीच्या वर्गात हा वाक्प्रचार निघाला की आम्ही विद्यार्थ्यांना विचारतो, बोळा म्हणजे काय? अर्थ सर्वांना ठाऊक असतो. वस्तू कोणी पाहिलेली नसते. कोणाला मोरीत अडकलेला बोळा आठवतो, कोणाला तोंडात कोंबलेला. वाक्प्रचारातला बोळा जुन्या लुगड्याच्या मऊ चिंधीचा किंवा कापसाचा असे. तो दुधात भिजवून तान्ह्याच्या ओठांशी धरीत आणि मूल तो चोखत राही. ऐपतीच्या घरात यासाठी बोंडले असे, कोठे शिंपीने दूध पाजीत. बोळा हे ज्याच्या घरी काहीच नाही त्याचे साधन. वस्तू गेली, वाक्प्रचार उरला; आणि ज्या मुलाला आईच्या अंगावरचे दूध मिळत नव्हते त्याचेच नाव आपण भोळेपणाला दिले, हे कोणाच्या लक्षातही राहिले नाही.

मुलाला पाणी केव्हा पाजावे आणि गाईचे दूध केव्हा सुरू करावे, हा प्रश्न सामान्यतः डॉक्टरांचा किंवा आजीचा मानला जातो. आमच्या मते तो इतिहासाचाही आहे. आणि 2023 साली ज्याचे उस्मानाबाद हे नाव अधिकृतपणे बदलून धाराशिव झाले त्या जिल्ह्यात तरी या प्रश्नाचे उत्तर पंचांगाने वा वैद्याने फारसे दिलेले नाही. ते आईच्या कामाच्या वेळेने दिले आहे.

ग्रंथांत सारे नेमके आहे. सुश्रुताच्या मते बाळंतिणीला दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते, म्हणून तोवर मुलाला मध आणि तूप चाटवावे. अन्न सहाव्या महिन्यात. काश्यपसंहिता सहाव्या महिन्यात फळांचा रस सांगते आणि धान्यासाठी दहाव्या महिन्यापर्यंत थांबते. आईचे दूध नसेल तर धात्री ठेवावी आणि तीही न मिळाल्यास शेळीचे किंवा गाईचे दूध द्यावे, असा वाग्भटाचा क्रम आहे. हे ग्रंथ ज्या घरांसाठी लिहिले गेले तेथे दाई ठेवण्याची ऐपत होती, हे उघड आहे. धाराशिवच्या कोरडवाहू शिवारातल्या घराला यातला शेवटचा पर्याय तेवढा आपला वाटावा, कारण उस्मानाबादी शेळी ही तर या मातीचीच जात. कुडाच्या दाराशी बांधलेली ती काळी शेळी हीच कित्येक तान्ह्यांची धात्री झाली. (शेळीच्या दुधात फोलेट फार कमी असते आणि केवळ त्यावर वाढलेल्या मुलाला पांडुरोग जडतो, हे विज्ञानाला पुष्कळ उशिरा कळले.)

सुश्रुताच्या या मताची एक सावली घरोघरी पडलेली दिसते. आईचा चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकून द्यायचा आणि बाळाला गूळपाण्याचे बोट चाटवायचे. गंमत अशी, की त्याच घरात गाय व्याली तर वासराला चीक मिळालाच पाहिजे, यावर कोणाचे दुमत नसे. आणि उरलेल्या चिकाचा खरवस माणसे आवडीने खात. गाईच्या चिकाचे मोल कळणाऱ्या समाजाला बाईच्या चिकाचे कळू नये, याला केवळ अज्ञान म्हणणे आम्हांला पुरेसे वाटत नाही.

पाण्याची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. मराठवाडी बोलीत तहानेला ‘तान’ म्हणतात आणि अंगावर पिणाऱ्या मुलाला ‘तान्हं’. व्युत्पत्तीत न शिरताही कानाला हे शब्द सख्खे लागतात. वैशाखात पत्रा तापलेला, मूल किरकिरते आहे, ओठ सुकले आहेत. अशा वेळी आजी वाटीत पाणी घेऊन बसली, तर तिला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा? आज आपल्याला माहीत आहे, की आईच्या दुधात शेकडा 87-88 भाग पाणीच असते. की 35 ते 40 अंशांच्या कोरड्या उष्णतेतही निव्वळ अंगावर पिणाऱ्या मुलाला वेगळ्या पाण्याची गरज नसते, हे भारतातच झालेल्या आणि 1990 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. आणि वाटीभर पाण्याने मुलाचे इवलेसे पोट भरते, ते दूध कमी ओढते व आईचे दूधही कमी होत जाते. विहिरीच्या पाण्यातून हगवण येते ती वेगळीच. पण आजीला हसण्यापूर्वी हेही आठवावे, की विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेतले डॉक्टरही दोन पाजण्यांच्या मध्ये उकळलेले पाणी द्या म्हणत, आणि गाईचे दूध पाण्याने पातळ करून साखर घालून पाजायला सांगत. ‘सहा महिने फक्त आईचे दूध’ हा आज सर्वमान्य असलेला नियम जागतिक आरोग्य संघटनेने 2001 साली पक्का केला. त्याआधी चार ते सहा महिने असे सांगितले जाई.

आता ‘वरचे दूध’ हा शब्द पाहावा. वरकमाई, वरखर्च, तसे वरचे दूध : मूळ जे आहे त्यावरचे. मूळ पुरत नसेल तेव्हाच वरचे लागते. 1972 च्या दुष्काळात मूळच आटले. महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवरची हजेरी मे 1973 मध्ये पन्नास लाखांच्या जवळ पोचली होती, आणि तीत बायका मोठ्या संख्येने होत्या. मिलोची भाकरी आणि सुखडी खाऊन खडी फोडणाऱ्या बाईच्या अंगाला दूध किती येणार, आणि आले तरी मूल कोठे? ते झाडाला बांधलेल्या झोळीत, थोरल्या बहिणीच्या हवाली. त्या सहा-सात वर्षांच्या मुलीजवळ बोळा आणि पाणी यांखेरीज काय होते? दूध जिल्ह्यात मुळीच नव्हते असेही नाही. भूम-कुंथलगिरीकडचा खवा नामांकित आहे. पण खव्याच्या कढईत जाणारे दूध रोकड आणते, घरातल्या तान्ह्याच्या पोटातले आणत नाही.

पुढे पत्र्याचा डबा आला. डब्यातली पावडर महाग, म्हणून अधिक पाणी घालून पातळ करायची, हे जगातल्या सगळ्या गरीब वस्त्यांत घडले. त्यावरच्या गदारोळातून 1981 चा जागतिक संकेत निघाला आणि भारताने 1992 साली कायदा करून बालदुधाच्या जाहिरातींना बंदी घातली. तो 1 ऑगस्ट 1993 पासून अमलात आला. पुढच्याच महिन्यात, 30 सप्टेंबरच्या पहाटे, भूकंपाने लातूर आणि या जिल्ह्याच्या लोहारा-उमरगा भागातली गावे झोपेतच गाडली. ज्या मुलांच्या आया त्या ढिगाऱ्यांखाली राहिल्या त्यांच्यासाठी वरचे दूध हेच एकमेव दूध होते. नियमांची भाषा अशा मुलांसाठी नेहमीच थोडी अपुरी पडते.

गाईच्या दुधाविषयी आजचे मत असे : त्यात प्रथिने आईच्या दुधाच्या तिपटीहून अधिक, मूत्रपिंडावर भार, लोह अत्यल्प, म्हणून एक वर्षापर्यंत ते मुख्य पेय नको, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेची 2023 ची मार्गदर्शिका मात्र सहा ते अकरा महिन्यांच्या, आईचे दूध न मिळणाऱ्या मुलाला पावडरीचे किंवा जनावराचे, कोणतेही दूध चालेल असे म्हणते. या सवलतीत आम्हांला पहिल्यांदाच बोळ्याने दूध पिणाऱ्या मुलाची दखल दिसते.

परंतु कळंब, भूम, वाशीकडून दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या टोळीत हा वाद पोचत नाही. तेथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. उचल दोघांची मिळून, आणि खाडा झाला तर तोही दोघांचा. मुकादमाच्या वहीत तान्ह्याची नोंद नसते. 2017 पासून नोकरदार स्त्रीला बाळंतपणाची 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, म्हणजे नेमके ते सहा महिने. कोयत्याला ती नाही. पहाटे फडात शिरलेली आई बाहेर येईपर्यंत ऊन चढलेले असते, आणि पाचटावर निजवलेल्या मुलाच्या उशाशी पाण्याची बाटली ठेवलेली असते.

यंदा वर्गात आम्ही तोच प्रश्न विचारला, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘आमच्याकडं पदराचं टोक भिजवत्यात.’ तिने भूतकाळ वापरला नव्हता.