सिस्टरनी तपासलं तर चालेल का?

२२ जानेवारी २०२५ ला अमेरिकेत लोरेटा फोर्ड नावाच्या बाई गेल्या. वय १०४. नाव ऐकलंय? बहुतेक नसेल. पण आपल्या उपकेंद्रापुढे बाळ घेऊन बसलेली आई जो प्रश्न विचारते, "डॉक्टर नाहीत, मग तपासणार कोण?", त्याचं एक उत्तर या बाईंनी साठ वर्षांपूर्वी दिलं होतं. पोस्ट जरा मोठी आहे, पण वाचा.

फोर्ड मूळच्या न्यूयॉर्कच्या. दुसऱ्या महायुद्धात होणारा नवरा मारला गेला आणि त्या स्वतः लष्करात नर्स झाल्या. युद्धानंतर कोलोरॅडो राज्यात सार्वजनिक आरोग्याचं काम. खेडोपाडी डॉक्टर कमी. मुलांची वाढ बघणं, लसी, आईला सल्ला, आजार ओळखणं, हे सगळं नर्सच निभावत होत्या. जबाबदारी होती, पण त्या जोडीचं शिक्षण नव्हतं आणि अधिकारही नव्हता. ओळखीचं वाटतंय ना?

१९६५ मध्ये फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी कोलोरॅडो विद्यापीठात एक अभ्यासक्रम काढला: 'पेडियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर'. नर्स प्रॅक्टिशनर हा प्रकारच इथून सुरू झाला, म्हणजे सुरुवात लहान मुलांपासून झाली. आधीच शिकलेल्या नर्सना आणखी शिकवलं. मुलाचा पूर्ण इतिहास कसा घ्यायचा, छाती-कान-घसा कसा तपासायचा, वाढ आणि विकास वेळेवर आहे का, साध्या आजारावर काय करायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठलं मूल आपल्या हातचं नाही, लगेच डॉक्टरकडे पाठवायचं, हे ओळखायचं. विद्यापीठात शिकून मग वस्तीतल्या, खेड्यातल्या दवाखान्यांत काम.

विरोध झालाच. काही डॉक्टर म्हणाले, हे आमचं काम. गंमत म्हणजे नर्सिंग शिकवणाऱ्यांतूनही विरोध आला: तुम्ही नर्सला छोटा डॉक्टर बनवताय, नर्सिंगचं काय? फोर्ड यांचं म्हणणं सरळ होतं. ही डॉक्टरची बदली नाही. मूल निरोगी ठेवणं हे नर्सचंच काम आहे, ते तिला पुरतं करू द्या.

१९७१ मध्ये आयडाहो राज्याने कायद्यात पहिल्यांदा मान्यता दिली. १९७४ मध्ये कॅनडातल्या बर्लिंग्टनचा अभ्यास छापून आला. तिथे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही कुटुंबं डॉक्टरकडे, काही नर्स प्रॅक्टिशनरकडे दिली होती. रुग्णांच्या तब्येतीत फरक पडला नाही. आज अमेरिकेत तीन लाखांहून जास्त नर्स प्रॅक्टिशनर आहेत. तरी सगळ्या राज्यांत त्यांना सारखे अधिकार नाहीत. साठ वर्षं झाली, वाद संपलेला नाही.

आता आपल्याकडे या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने तर नर्सच्याही पुढचं पाऊल टाकलं. ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन द्यायलासुद्धा. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. २०११ पासून देशभरातल्या आशाताई बाळाच्या घरी ज्या भेटी देतात, त्यामागे हेच काम आहे.

२०१८ नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले. त्यांत बीएस्सी नर्सिंग झालेलेही आहेत, सहा महिन्यांचा जादा कोर्स करून. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात डॉक्टर नसलेल्यांना मर्यादित औषधोपचाराची परवानगी आली, तेव्हा डॉक्टरांनी संप केले. त्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती. नीट शिक्षण न देता माणूस खुर्चीत बसवला तर मरण पेशंटचंच. आणि "गरिबाला कमी शिकलेला, शहराला स्पेशालिस्ट" हे कुणालाच मान्य होऊ नये.

पण कोलोरॅडो असो की गडचिरोली, यश नुसत्या परवानगीने आलं नाही. नीट प्रशिक्षण, वर विचारायला अनुभवी माणूस, हातात औषधं, आणि निकालाची नोंद. या चार गोष्टी होत्या म्हणून मुलं वाचली. आपण मात्र बहुतेक वेळा सिस्टरकडून काम करून घेतो, रजिस्टरं भरून घेतो, आणि काही बिघडलं की तिलाच धरतो.

म्हणून पुढच्या वेळी उपकेंद्रात गेलात तर "डॉक्टर कधी येणार?" एवढंच विचारून थांबू नका. सिस्टरला शेवटचं प्रशिक्षण कधी मिळालं, औषधं किती महिने नाहीत, अडचण आली तर फोन कुणाला लावायचा, हेही विचारा. आणि ग्रामसभेत मांडा.

तुमच्या गावच्या उपकेंद्राची काय स्थिती आहे? कमेंटमध्ये नक्की लिहा.